मागचे आसन

लग्नानंतर आमचा एक नेम होता. महिन्यातून एका रविवारी पहाटे बुलेटवरून पन्हाळ्याला जायचे, झुणका-भाकर खायची आणि ऊन चढायच्या आत कोल्हापूर गाठायचे. गेल्या पावसाळ्यानंतर हा नेम मोडला. 'तुम्ही जाऊन या, मला कामं आहेत,' असे सौ. म्हणू लागली. मीही नवऱ्यांच्या जातीला शोभेलसे बोलून गेलो. 'गाडीला हल्ली दोघांचं वजन झेपत नाही वाटतं!' दोघांपैकी कोणाचे, हे तिने बरोबर ओळखले. पुढचे दोन्ही वेळचे झुणका-भाकर मी एकट्यानेच खाल्ले.

खरी मेख कळली ती उद्यमनगरात, ऑइल बदलायला गेलो तेव्हा. मिस्त्रीने मागच्या चाकाशी वाकून पाहिले आणि विचारले, ''सर, मागं वैनी बसत न्हाईत काय?''

मी चपापलो. घरातली गोष्ट उद्यमनगरापर्यंत पोचली की काय!

''न्हाई, शॉकअप पयल्या खाचेवर हाय. एकट्याचं सेटिंग हाय ह्ये.''

('शॉक ॲब्सॉर्बर'चे हे देशी रूप मला मूळ शब्दाहून अधिक आवडते. व्युत्पत्ती मात्र विचारू नये.)

स्प्रिंगखाली पाच खाचांचे एक कडे असते. गाडी घेतल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते, अशी माझी समजूत होती. तसे नाही. स्प्रिंग तीच, तिची ताकदही तीच. कडे तिला आधीच थोडी दाबून धरते, एवढेच. त्यामुळे ओझे आल्यावर गाडी कमी बसते आणि खड्ड्याचा धक्का घ्यायला जागा शिल्लक राहते.

घरी आल्यावर सौ.च्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक लोंबते ठेवले आणि आसापासून वरच्या एका नटापर्यंत माप घेतले. मग स्टँड काढून मी बसलो. मग पुष्कळ विनवण्या करून सौ.ला मागे बसवले. टेप धाकट्याच्या हाती. माझ्या एकट्याच्या वजनाने गाडी २२ मिलिमीटर बसली, दोघांच्या वजनाने ४५. चाकाची एकूण हालचाल ८०. म्हणजे वाघबिळाच्या चढावर, खड्ड्यांतून जाताना, निम्म्याहून अधिक जागा आम्ही निघण्यापूर्वीच खर्च केलेली असे. उरलेली संपली की लोखंडाचा ठोका थेट आसनाला.

तो ठोका मला फारसा का जाणवला नाही? गाडी चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच. एकाच खड्ड्याने मला नुसता हेलकावा बसे आणि तिच्या कमरेत कळ उठे. ''कधी बोलली नाहीस?'' मी विचारले.

''बोलले होते. तुम्ही वजनाचं काहीतरी म्हणालात.''

यावर मी पाना शोधायला गेलो.

आकड्यासारखे तोंड असलेला तो पाना कड्याच्या खाचेत अडकवून फिरवायचा. दोन्ही बाजूंना खाच एकच हवी, नाहीतर गाडी एका अंगाला रुसते. चौथ्या खाचेवर दोघांचे माप ३५ वर आले. दोघांसाठी मागच्या टायरमध्ये हवाही थोडी जास्त लागते. तो आकडा पुस्तिकेत छापलेला होता, मी वाचला नव्हता इतकेच. आणखी एक लाभ झाला. मागची बाजू बसली की पुढचा दिवा आभाळाकडे पाहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तो आता रस्त्यावर पडू लागला.

त्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. वाघबिळाशी मागून एक शब्द आला नाही. उतरल्यावर तिने कमरेवर हात ठेवून पाहिला आणि भाकरीवाल्या मावशींना चार भाकऱ्या सांगितल्या.

सोमवारी मात्र खाच परत उतरवायची राहिली. कॉलेजपर्यंत प्रत्येक खड्ड्याने मला वर उडवले, कारण एकट्याच्या वजनाने दबलेली नसली की चाकाला खड्ड्यात उतरायला सैलपणा उरत नाही. संध्याकाळी मी कंबर धरून चहा मागितला, तेव्हा तिने कप पुढे ठेवत एवढेच विचारले, ''मागे बसून आलात का?''