दारचं झाड नक्की कुणाचं?

मैत्रिणींनो, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मंडईत वडाच्या फांद्यांच्या जुड्या येतात. आपण आंबे घेतो, हळदकुंकू घेतो आणि पिशवीत एक जुडीही टाकतो. दुसऱ्या दिवशी ती निर्माल्यात! ज्याला दीर्घायुष्यासाठी सूत गुंडाळायचं, त्याचेच हात तोडून पाटावर मांडायचे, हे मला कधी पटलं नाही. तुम्ही म्हणाल, ‘फ्लॅटमध्ये वड कुठून आणायचा?’ खरंच आहे. पण गल्लीतली झाडं एकेक करून जाताना आपण काय करतो?

माझं माहेर साताऱ्याचं. वैराटगडाच्या पायथ्याच्या म्हसव्याच्या वडाचं कौतुक लहानपणापासून ऐकलेलं. 1882 मध्ये त्याच्या विस्ताराचा घेर 1,587 फूट भरला होता म्हणे. लग्न होऊन सांगलीला आले, आणि एप्रिलमधलं इथलं ऊन सोसल्यावर सावली म्हणजे काय ते कळलं. झाड नुसतं ऊन अडवत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे वाफ होऊन जातं, तेव्हा भोवतालची हवा गार होते. आपल्या माठासारखंच! पत्र्याच्या शेडखाली उभं राहा आणि मग कडुनिंबाखाली या, फरक अंगालाच समजेल.

आमच्या गल्लीतही असा एक जुना कडुनिंब आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बुंध्यावर तोडण्याची नोटीस लागली. कारण काय, तर पाला पडतो, पन्हळ तुंबते आणि मोटार लावायला जागा नाही. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “अगं, रोज झाडून माझी कंबर गेली. तुला काय होतंय बोलायला!” त्यांचंही खोटं नव्हतं. पाला झाडायचा बायकांनी, मोटार लावायची पुरुषांनी, हाही एक न्यायच म्हणायचा.

घरी सल्ला मिळाला, ‘सरकारी कामात पडू नका.’ पण शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 पासून कायदा आहे. आपल्या अंगणातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि झाडावर सूचना लावावी लागते, ती आपल्याला हरकत घेता यावी म्हणूनच. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं. असं झाड तोडायची वेळ आलीच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची.

आम्ही अकरा जणींनी साध्या कागदावर अर्ज लिहिला. सगळ्यांत आधी सही कुणाची? काकूंची! मात्र त्यांनी अट घातली, की पाला पाळीपाळीने झाडायचा. पाहणी झाली, पन्हळीवरच्या फांद्या तेवढ्या छाटल्या आणि झाड राहिलं.

‘अर्जाने का कुठे झाड वाचतं,’ असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच जिल्ह्यातल्या भोश्याचं सांगते. मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या या गावात सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले. त्या वेळचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं, आणि जुलै 2020 मध्ये महामार्गाची आखणी बदलली. पुढे 2022 साली तो वड कोसळला. ‘मग काय उपयोग झाला?’ असं आमच्याकडे एकाने विचारलंच. बाई गं, घरातलं म्हातारं माणूस वयाने जाणं आणि त्याला घराबाहेर काढणं यात काही फरक आहे की नाही?

आमच्या कडुनिंबाचं एक दुखणं मात्र राहिलं होतं. फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे थेट बुंध्याला भिडवलेले, मुळांना पाणी जायला वावच नाही. तुमच्या गल्लीतही बघा, बहुतेक असंच असेल. रीतसर विचारून आम्ही बुंध्याभोवतीचे हातभर ठोकळे काढून घेतले. अर्ध्या दिवसाचं काम! खालची माती दगडासारखी झालेली. ती उकरून आळं केलं, आणि झाडलेला पाला आता त्यातच जातो. काकूंनी त्यातलाच दोन घमेली कुजलेला पाला तुळशीला नेला, न विचारता.