हात सोडला की काय होतं?

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार नावाचं स्टेशन आहे. हिवाळ्यात तिथं उतरलात, तर गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर लांबच लांब लाल गालिचा अंथरलेला दिसेल. जरा जवळ गेलात की शिंका सुरू! तो गालिचा म्हणजे वाळत घातलेली मिरची. या जागांना इथं ‘पथारी’ म्हणतात.

नववीतल्या माझ्या भाच्याला घेऊन मी तिथं उभा होतो. पाठीवरच्या पिशवीत एक छोटा ड्रोन होता. जागा सपाट, मोकळी. माझे हात शिवशिवायला लागले. भाचा म्हणाला, “मामा, इथं नको. पंख्यांचा वारा लागला तर अख्खं नंदुरबार शिंकत बसेल!”

ऐकलं त्याचं. प्रकाशाजवळ तापी ओलांडून आम्ही शहाद्याकडे निघालो. हा सगळा केळी-पपईचा मुलूख. एका ओळखीच्या शेतकऱ्याचं वावर नांगरून रिकामं पडलं होतं आणि त्यांनी आनंदानं परवानगी दिली.

आता तुम्ही म्हणाल, ड्रोन उडवण्यात एवढं काय? लग्नात फोटोवाले उडवतातच की! पण तो ड्रोन वेगळा आणि आमचा वेगळा, बरं का. लग्नातला ड्रोन सवयीच्या बैलजोडीसारखा असतो. गाडीवानाला डुलकी लागली तरी गाडी वाट धरून चालतेच. तसंच रिमोटवरचा हात काढला की तो ड्रोन आपोआप सरळ होतो आणि उपग्रहांच्या मदतीनं आहे त्या जागी तरंगत राहतो. आमचा ड्रोन म्हणजे नुकताच जुंपलेला गोऱ्हा! त्याच्या नाकावर कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र आपल्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये दिसतं. म्हणजे जणू आपणच त्याच्या आत बसलेलो असतो. आणि तो चालवायचा मॅन्युअल मोडमध्ये.

मॅन्युअल म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. रिमोटला दोन दांड्या असतात. डावी पुढं-मागं केली की पंख्यांचा जोर कमी-जास्त होतो, आडवी केली की ड्रोन जागच्या जागी गिरकी घेतो. उजवीनं त्याला पुढं-मागं आणि डावी-उजवीकडं कलवता येतं. साध्या ड्रोनमध्ये दांडी सांगते, ‘इतका कल.’ मॅन्युअलमध्ये ती सांगते, ‘इतक्या वेगानं कलत राहा!’ दांडी मध्यावर आणली की कलणं थांबतं, पण झालेला कल तसाच राहतो. तो काढायला दांडी उलट्या बाजूला न्यावी लागते. आपण केलेलं आपणच निस्तरायचं. अर्थात ड्रोनमधला छोटा संगणक तेव्हाही जागा असतोच. ड्रोन किती वेगानं वळतोय हे तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि चारही पंखे सांभाळतो. चार मोटरी वेगवेगळ्या हाकणं माणसाच्या बोटांना जमणारच नाही. पण जमिनीला समांतर कसं राहायचं, हे तो आपल्यासाठी ठरवत नाही.

दहावीच्या ताईदादांना यात आणखी एक गंमत सापडेल. ड्रोन कलला की त्याचा सगळा जोर वर लागत नाही, थोडा पुढं ओढण्यात जातो. साठ अंश कलला तर निम्माच जोर वर लागतो, कारण कोसाइन ६० म्हणजे अर्धा. मग उंची टिकवायला जोर दुप्पट करावा लागतो. तेच त्रिकोणमितीचं कोष्टक, पण इथं चुकलं की गुण जात नाहीत, पंखा जातो!

हे सगळं आधी संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये शिकायचं असतं. तिथं कितीही आपटा, फुकट. मी काही आठवडे संध्याकाळी तेच केलं. भाच्याला माझ्या निम्म्या वेळात जमलं, हे सांगायला मला फारसं आवडत नाही.

शेतात दोन काठ्या रोवल्या. त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायचा, उंची आपल्या डोक्याच्या थोडी वर. गॉगल मी लावला. भाचा शेजारी उभा राहिला. गॉगल लावलेल्या माणसाला आजूबाजूचं काहीच दिसत नाही, म्हणून उघड्या डोळ्यांनी पाहणारा कुणीतरी लागतोच. पहिला अर्धा आठ झकास जमला. वळणावर ड्रोन जास्त कलला, जमीन एकदम अंगावर आली, आणि मी घाबरून उजवी दांडी सोडून दिली.

हात सोडला की काय होतं? काहीच होत नाही! ड्रोन तसाच तिरका, त्याच वेगानं काठ्यांच्या पलीकडे गेला. बांध ओलांडला आणि पपईच्या बागेत शिरला. खळ्ळ! गॉगलमध्ये फक्त हिरवं दिसत होतं.

बाग शेजाऱ्यांची होती. ते आवाज ऐकून आले. “हाई काय शे?” त्यांनी अहिराणीत विचारलं. एक पान तुटलं होतं आणि एका कच्च्या पपईवर पंख्यानं चिरा पडून पांढरा चीक वाहत होता. मी खिशात हात घातला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग ते शांतपणे म्हणाले, “पपईचं जाऊ द्या. सकाळी इथंच माझी मुलगी तोडणी करत होती.”

मला उत्तर सुचलं नाही. ड्रोन तळहाताएवढा होता. पण पंख्यानं पपईवर काढलेली ओळ मी पाहिली होती.

बॅटरी काढून पाहिली. या बॅटऱ्या चेपल्या किंवा फुगल्या तर पेट घेऊ शकतात, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात, सावलीत वेगळी ठेवली. त्या दिवशी पुन्हा काही उडवलं नाही. बागेपासून दूर, वावराच्या दुसऱ्या टोकाला काठ्या हलवल्या आणि बॅटरीशिवाय बसून एकच सराव केला. भाचा मध्येच ओरडायचा, “बंद!” की मी मोटरी बंद करायची कळ पाडायची. शंभर वेळा तरी केलं असेल. घाबरल्यावर हात सोडायचा नाही, कळ पाडायची. ड्रोन खाली पडेल, मोडेल. मोडू दे.

दुसऱ्या दिवशी तोरणमाळला गेलो. सातपुड्यातलं हे पठार ११०० मीटरांहून उंच. घाट चढताना कान दडे बसतात. यशवंत तलाव पाहिला, मग सीताखाईच्या कडेला जाऊन उभे राहिलो. पावसाळ्यात इथं धबधबा कोसळतो, तेव्हा मात्र कडा कोरडा होता आणि दरी खोल, निळसर. ड्रोन घेऊन कड्यावरून खाली झेप घ्यावी, अशीच ती जागा आहे! दुबईत मार्च २०१६ मध्ये असल्या ड्रोनच्या शर्यतीत ल्यूक बॅनिस्टर या १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलाच्या संघानं अडीच लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं होतं. भाच्याला तो तोंडपाठ आहे. तो माझ्याकडे पाहू लागला.

पिशवी उघडली नाही. हे राखीव जंगल, वनखात्याला विचारल्याशिवाय इथं उडवायचं नाही. शिवाय चित्राच्या लहरी सरळ रेषेत जातात. ड्रोन कड्याआड गेला की गॉगलमध्ये जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या दिसणार. आणि दरीतून वर येणारा वारा तर टोपीसुद्धा उडवत होता. भाचा थोडा रुसला. मलाही, खरं सांगतो, वाईट वाटलं.

आईबाबांसाठी एक गोष्ट. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात आणि तो उडवायला चालकाचा परवाना लागत नाही. पण लाल, पिवळे, हिरवे विभाग दाखवणारा सरकारी नकाशा आधी बघावा लागतो. तो मुलांबरोबर बसून बघा.

परतताना पुन्हा त्याच वावरात थांबलो. पपईवाले काका बांधावर येऊन बसले. “आज मी बघतो,” म्हणाले. गॉगल भाच्यानं लावला. पहिला आठ, दुसरा आठ, तिसऱ्याचं वळण. बॅटरी चार-पाच मिनिटांचीच, निम्मी संपली होती. तेवढ्यात काका ओरडले, “कुत्रं! उजवीकडं!”

कळ पडली. ड्रोन गुडघाभर उंचीवरून ढेकळांत आपटला. कुत्रं आलं, त्यानं वास घेतला, शिंकलं आणि निघून गेलं.