डब्यात डबा

लो-कोड म्हणजे कोडिंग नको, नुसते डबे जोडा! पॉवर ऑटोमेटमध्ये हे खरंही आहे, डेटा सपाट असेपर्यंत. आमच्या एका क्लायंटच्या ऑर्डरमध्ये शिपमेंट, त्यात औषधं, औषधात बॅचेस. म्हणजे 'अप्लाय टू इच'च्या पोटात 'अप्लाय टू इच' (आठ पातळ्यांच्या खाली तर जाताच येत नाही). एका रात्री एका बॅचची एक्स्पायरी नल आली आणि पार्स जेसन अडलं. स्कीमा नमुन्यावरून बनवलेला, त्यात टाइप नुसता स्ट्रिंग. नल चालेल असं लिहिलेलंच नाही. अख्खा फ्लो आडवा!

नल लिहिलं, ते पाच मिनिटांचं काम. खरा प्रश्न लूप्सचा. जेसनचं एक्सएमएल करून एक्सपाथने एका ओळीत सगळे बॅच नंबर उपटता येतात, कितीही खोल असोत. मोह होतोच. पण मग कुठली बॅच कुठल्या शिपमेंटमधून गेली, हे नातं तुटतं. उद्या एखादी बॅच बाजारातून परत मागवायची झाली तर फोन कुणाला करणार?

शिवाय हा फ्लो डिस्पॅचमधल्या एका ताईंनी स्वतः शिकून बनवलेला. म्हणून आतली पातळी चाइल्ड फ्लोमध्ये काढली, सोबत शिपमेंट नंबर पाठवला. थोडं हळू चालतं. पण परवा ताईंनी त्यात फ्रिजमधल्या औषधांची वेगळी अट घातली, मला न विचारता.