गाठीतली गर्दी

स्तनाच्या गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली की नवशिक्याची नजर कर्कपेशींवर खिळते. माझी त्यांच्या मधल्या जागेत रेंगाळते. तिथे लिम्फोसाइट या प्रतिकारपेशी दिसतात, गर्द निळ्या, जवळजवळ नुसतं केंद्रकच. त्यांनी किती जागा व्यापली, याचा टक्का नजरेनेच ठरवायचा. मेलेला भाग सोडायचा, बायोप्सीची सुई गेली ती जागा सोडायची. दहा की पंधरा, यावर दोन पॅथॉलॉजिस्ट वाद घालणारच. पण ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनचे रिसेप्टर आणि हर2 दोन्ही नसलेल्या, कॅन्सरमध्ये हा टक्का भरघोस असला की मला रिपोर्ट लिहिताना जरा बरं वाटतं. अशा स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचा धोका कमी असतो.

मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रतिकारपेशींचं तसं नाही. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये ते नीट ओळखूही येत नाहीत. सीडी68चा स्टेन लावला की तपकिरी होऊन उठून दिसतात. घाण उपसणं, जखम भरून आणणं हे त्यांचं मूळ काम. गाठीत मात्र ते वाटाडे होतात. 2001 साली न्यूयॉर्कमध्ये एलेन लिन, जेफ्री पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी मॅक्रोफेज घडवणारं सीएसएफ-1 हे प्रथिन नसलेल्या, म्हणून मॅक्रोफेज कमी असलेल्या उंदरांवर प्रयोग केला. स्तनात गाठी झाल्या, वाढल्याही. फुफ्फुसात पसरणं मात्र खूपच कमी झालं. म्हणजे गाठीचा आकार मोजून तिचा पल्ला कळत नाही!

पुढे यंत्रणाही उलगडली. कर्कपेशी सीएसएफ-1 सोडते, मॅक्रोफेज तिच्याकडे ओढला जातो. तो ईजीएफ हे प्रथिन सोडतो, ती त्याच्यामागे जाते. असं करत दोघं रक्तवाहिनी गाठतात. तिथे मॅक्रोफेजच्या व्हीईजीएफ या प्रथिनाने वाहिनीची भिंत थोडा वेळ सैल होते आणि कर्कपेशी आत शिरते. कर्कपेशी, मॅक्रोफेज आणि वाहिनीची पेशी एकमेकींना चिकटलेल्या अशा जागा, पुढे आजार पसरलेल्या स्त्रियांच्या गाठींत जास्त सापडल्या. म्हणून मला 'किती'पेक्षा 'कोण कुणाला खेटून' हे महत्त्वाचं वाटतं. आमच्या रोजच्या रिपोर्टात त्याला रकाना नाही.

"मग मॅक्रोफेज येऊच दिले नाहीत तर, सर?" रेसिडेंट हमखास विचारतात. तेही करून झालंय. उंदरांना मोनोसाइटना बोलावणारं सीसीएल2 हे प्रथिन अडवणारं औषध दिलं, तेव्हा मॅक्रोफेज होणारे मोनोसाइट अस्थिमज्जेत अडकले, पसरणं कमी झालं. औषध थांबवताच ते एकदम बाहेर आले आणि कॅन्सर जास्तच जोरात पसरला.