उधारीचं कोहळं

2016 च्या नाताळात 25 डिसेंबर रविवारी आला, आणि 24 तारीख चौथा शनिवार. म्हणजे ऐन सणाचे दोन्ही दिवस बँका बंद. 8 नोव्हेंबरच्या रात्री 500 आणि 1,000 च्या नोटा बाद झाल्या, तेव्हापासून अमरावतीत आमच्याकडे जो काही पैसा होता तो पासबुकात होता. ह्यांचं वायरिंग-फिटिंगचं काम. बांधकामं अडली, तशी ह्यांची कामंही अडली. एटीएममधून दिवसाला 2,500 मिळायचे, मशीनमध्ये असले तर. त्यातून निघणार गुलाबी 2,000 ची नोट, आणि तिची मोड देणारा माणूस सबंध राजकमल चौकात सापडायचा नाही.

नाताळ माझ्या माहेरी, अकोल्याला. मूर्तिजापूरमार्गे एसटीनं निघालो. कंडक्टरनं उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून दिले आणि उतरताना मागा म्हणाला. त्या दिवसांत निम्मा वऱ्हाड असाच कागदाच्या पाठीवर चालला होता.

घरी भावाची वेगळीच तऱ्हा. पातूरकडे तो बटईनं शेती करतो. कापसाला त्या साली भाव बरा होता. कापूस विकला, चेक मिळाला, चेक वटलाही. पण वेचणीच्या बायांच्या हातावर ठेवायला रोकड नाही. त्यांना चेक देऊन काय उपयोग? आई नानखटाईचा मैदा, साखर, तूप घेऊन नेहमीच्या बेकरीत गेली आणि भाजणावळ नंतर देते म्हणाली. भट्टीवाले चाचा हसले. ‘‘घेऊन जा बाई, पैसे काय पयून चालले काय?’’

‘आनंदाला पैसा लागत नाही’ असं ज्यांच्याकडे पैसा असतो तेच म्हणतात. लागतो. लेकरांना कपडे लागतात, पाहुण्यांना मटण लागतं. आम्हाला त्या वर्षी मिळाली ती उधारी, आणि तीही न मागता.

रविवारी चर्च गच्च भरलं. पाळकांनी लूकचाच दुसरा अध्याय घेतला, दरवर्षीचाच. पण सुरुवात केली कैसर औगुस्तच्या हुकमापासून. राजधानीत बसून एकानं फर्मान काढलं, आणि इकडे गरोदर बाईला घेऊन एका सुताराला नाव नोंदवायला आपल्या गावाकडे निघावं लागलं. पाळक पुढं काही बोलायच्या आधीच मागच्या बाकांवर हशा पिकला. महिनाभर बँकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. बेथलेहेम इतकं जवळ मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आमची मंडळी तशी दुष्काळातच उभी राहिलेली. 1899-1900 च्या दुष्काळात अलायन्स मिशननं अनाथ मुलगे अकोल्याला आणि मुली खामगावला सांभाळल्या. बाबांचे आजोबा त्यांतलेच. त्यांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी 25 डिसेंबरच धरली. आमच्या घरी नाताळाला अजूनही त्यांच्या नावाचा एक घास जास्त वाढतात.

अर्पणाची थैली फिरली ती हलकीच परतली. ते खजिनदारांना अपेक्षितच असावं, कारण आदल्या आठवड्यातच त्यांनी सांगून ठेवलं होतं : रोख नसेल तर जे पिकलं ते आणा. एरवी हे हंगामाच्या सणाला होतं. वेदीपुढं ज्वारी, हिरव्या तुरीच्या शेंगा, अमरावतीहून आम्ही नेलेली संत्री, पाय बांधलेला एक कोंबडा आणि भावानं आणलेलं भलंमोठं कोहळं. उपासनेनंतर मैदानात लिलाव पुकारला. बोली उधारीवर, नाव वहीत.

उधारीची बोली म्हटल्यावर माणसं कर्णाचे अवतार झाली. शंभराचा कोंबडा नऊशेला गेला. कोहळं तर एकानं घ्यायचं आणि परत चर्चला द्यायचं, पुन्हा लिलाव. सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी ते घेतलं, परत दिलं. मग निवृत्त नर्सबाईंनी. कोंबडा मध्येच दोरी सोडवून संडे स्कूलच्या पोरांत घुसला आणि पुकारणारा ‘‘नऊशे रुपये पयाले!’’ म्हणून ओरडला. बाबांना मी इतकं हसताना क्वचित पाहिलं होतं. शेवटची बोली माझ्या भावाची : स्वतःचंच कोहळं, पंधराशेला. वहिनीनं कपाळाला हात लावला. संध्याकाळी सगळ्यांना त्याचीच भाजी आणि पुरी.

वहीतले बहुतेकांनी फेब्रुवारी-मार्चपर्यंत फेडले. भावाची मदार तुरीवर होती, आणि 2017 ची तूर कशी गेली ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको : हमीभाव 5,050, बाजार त्याच्या कितीतरी खाली, खरेदी केंद्रांवर बारदाना नाही, बाहेर गाड्यांच्या रांगा. त्याचे पंधराशे राहिले ते राहिलेच. पुढं त्यानं द्यायला काढले, तर खजिनदारांनी घेतले नाहीत. ते अजूनही दर नाताळाला सूचना वाचताना शेवटी गंभीर चेहऱ्यानं भावाचं नाव घेतात : ‘‘कोहळं एक, येणे बाकी पंधराशे.’’ व्याज किती झालं, हे मागून कुणीतरी विचारतंच.