अंधारातील रसद

कात्रज, पुणे

चि. बाळास,

तुझ्या वडिलांनी अमेरिकेहून परतताना आणलेली ‘टोकियो एक्स्प्रेस’ या खेळाची पेटी मी इतकी वर्षे जिवापाड का जपली, असे तू विचारले आहेस.

जॉन साउथर्ड यांनी रचलेला आणि 1988 साली ‘व्हिक्टरी गेम्स’ने प्रसिद्ध केलेला हा आरमारी युद्धाचा पट एकट्याने खेळावयाचा असून, त्यात दुसऱ्या महायुद्धातील, 1942 सालच्या ग्वादालकनाल बेटाजवळील रात्रीच्या लढाया मांडल्या आहेत. दिवसा अमेरिकी विमानांचे भय असल्यामुळे जपानी विनाशिका रात्रीच बेटावरील फौजेस कुमक आणि रसद पोहोचवीत. खेळणाऱ्याने अमेरिकी जहाजांचे नेतृत्व करावयाचे. प्रतिपक्षाची मसलत नियम आणि फासे ठरवितात, आणि समोरचा तांडा केवढ्या बळाचा, हे तो नीट दृष्टीस पडेपर्यंत उमगत नाही. आपल्या कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांस पलिते बांधून मोगलांस चकविल्याची आख्यायिका अंधाराच्या याच गुणावर उभी आहे.

पटावर अमेरिकी पहारेकऱ्याच्या जागी बसलो म्हणजे मला खांदेरी आठवते. 1679 साली शिवछत्रपतींनी त्या बेटावर तटबंदी आरंभिली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन केग्विनच्या हाताखाली जहाजे पाठवून नाकेबंदी केली. तथापि दौलतखानाच्या आरमारातील वल्ह्यांनी चालणारी हलकी होडकी रात्री निसटून बेटास रसद पोहोचवीत राहिली, आणि वाऱ्याच्या आधीन असलेल्या जड जहाजांस उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग साधेना. हा वृत्तांत आपण नेहमी खलाशांच्या बाजूने वाचतो. पहारेकऱ्याच्या बाजूने पाहिला म्हणजेच त्यांच्या कर्तृत्वाचे खरे माप हाती येते, कारण रात्रभर जागूनही वाट अडविता न येणे म्हणजे काय, हे तेव्हा कळते.

खांदेरी मराठ्यांकडे राहिली. जपान्यांस मात्र फेब्रुवारी 1943 मध्ये ग्वादालकनाल सोडावे लागले. शौर्य दोहोंकडे होते; परंतु खांदेरी थळच्या किनाऱ्यासमोरच आहे, आणि रबाउलचा जपानी तळ ग्वादालकनालपासून सुमारे 1000 किलोमीटर दूर होता. विनाशिकांतून जड तोफा आणि पुरेसे धान्य तेवढ्या अंतरावर नेणे अशक्यप्राय होते. पराक्रमास रसदेची मर्यादा असते, हे या पटाने मला कोणत्याही बखरीहून स्पष्टपणे शिकविले.

पेटी आता तुझ्याकडे रवाना करीत आहे. नियमपुस्तिका सावकाश वाच, आणि न दिसणाऱ्या प्रतिपक्षास कधीही निर्बुद्ध समजू नकोस.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका