आल्यागेल्याची वही

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या वाचनालयाच्या दारात मी एक वही ठेवली. वर ठळक अक्षरांत लिहिले, 'आत येणाऱ्याने नाव व वेळ लिहावी.' मी शाळेत चित्रकला शिकवतो, उरल्या वेळी वाचनालय सांभाळतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. नावांचा मला सोस आहे म्हणा ना! वही भराभर भरू लागली आणि मी खूश झालो.

पण सहावीतला एक मुलगा यायचा थांबला. मधल्या सुट्टीत तो पक्ष्यांच्या पुस्तकातली चित्रे पाहत उभा राही. पुस्तक घरी त्याने कधीच नेले नाही. एकदा व्हरांड्यात गाठून विचारले, तेव्हा पायाच्या अंगठ्याने फरशी घाशीत तो म्हणाला, "सर, मी काही नेणार नव्हतो. नुसतं बघणार होतो."

मी हसलो आणि विसरलो. त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो यंदाच्या जूनमध्ये, आणि तोही एका संगणकवाल्याकडून.

त्या दिवशी पाचवीच्या प्रवेशाची यादी शाळेच्या वेबसाइटवर लागायची होती. लागलीही, पण पान काही उघडेना. दुपारपर्यंत फाटकाशी आईबापांची गर्दी जमली. एक बाई शेजारच्या गावाहून मजुरी बुडवून आली होती. तिला काय हवे होते? यादीत आपल्या मुलीचे नाव आहे की नाही, एवढेच. अखेर पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी फोन लावला. तासाभराने त्याचा फोन आला.

"सर, देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला देतात ना?"

"देतात."

"तुमची साइट अनवाणी आलेल्यालाही बिल्ला देते, आणि त्याच्यासाठी एक रिकामा कप्पा अडवून ठेवते!"

मग त्याने मला समजावून सांगितले. सर्व्हर हा मुळात विसराळू गृहस्थ. मागितलेले पान दिले की मागणाऱ्याला तो विसरला. ही अडचण दूर करण्यासाठी 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुलीने 'कुकी' काढली. कुकी म्हणजे तो बिल्ला. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि दर खेपेस दाखवतो. सर्व्हरकडे त्या क्रमांकाचा जो कप्पा असतो, ते 'सेशन'. दुकानात टोपली भरणाऱ्याला किंवा आपले खाते उघडणाऱ्याला बिल्ला हवाच. पण नुसती यादी वाचणाऱ्याला तो कशाला?

आमच्या साइटवर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शिक्षकांसाठी लॉगिनची चौकट होती. त्या चौकटीतून कोणी लबाडी करू नये, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाच्या नावे एक गुप्त खूण लक्षात ठेवली जाई. झाले! जो येईल त्याचा कप्पा. शोधयंत्रांचे दूत तर पाने वाचत हिंडतात आणि बिल्ला सहसा सांभाळीत नाहीत. त्यामुळे दर पानाला नवा कप्पा. शिवाय व्हार्निशसारखी, तयार पानाच्या प्रती हातोहात वाटणारी जी व्यवस्था असते, ती बिल्ला दिसला की मूळच्या रिवाजाप्रमाणे प्रत देत नाही. माणसाला थेट आत पाठवते. आत कप्पे तुडुंब भरलेले, आणि बाहेर ती बाई उभी.

त्याने लॉगिनची चौकट वेगळ्या पानावर नेली. लक्षात ठेवण्याजोगे काही असेल तेव्हाच सेशन उघडायचे आणि काम संपले की बिल्ला परत घ्यायचा, असा नियम केला. यात आपली हुशारी काही नाही, हेही त्याने सांगून टाकले. 2011 साली आलेल्या ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीने हीच रीत धरली होती.

यादी क्षणात उघडली. त्या बाईला मुलीचे नाव मीच वाचून दाखवले.

"पण मग," मी चाचरत विचारले, "कोण कोण येऊन गेले ते आपल्याला कळणार कसे?"

"कळून काय करणार होता, सर?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिवाळीत पोरांनी अंगणात केलेला किल्ला येणारा-जाणारा घटकाभर थांबून पाहतो, शिवाजी महाराजांना हात जोडतो आणि पुढे जातो. आपण कधी त्याचे नाव विचारतो का? विचारू लागलो, तर किती जण थांबतील?

दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या दारातली वही मी उचलली. ती आता आत, माझ्या टेबलावर असते आणि पुस्तक घरी नेणाऱ्याचेच नाव तिच्यात लिहिले जाते. तो मुलगा अजून आलेला नाही. पक्ष्यांचे पुस्तक मात्र मी दाराजवळच्या फळीवर उघडे करून ठेवले आहे.